नेपल्सला काय आहे?

आमच्या वन्सं देवळात गेल्या तरी पायरीवर थांबतात आणि आतून बाहेर येणाऱ्या पहिल्या माणसाला विचारतात, "आत काय आहे?"

देवळात देव असतो हे त्यांना माहीत आहे. त्यांना हवं असतं ते पुढचं. गर्दी किती, गुरव जागेवर आहे की चहाला गेलाय, प्रसाद खोबऱ्याचा की साखरेचा, लादी ओली आहे का. एवढं कळलं की मग चप्पल काढतात. एकदा एक म्हातारे गृहस्थ चिडून म्हणाले, "बाई, चार पावलं आत जा, सगळं दिसेल." वन्सं म्हणाल्या, "दिसेल हो. पण आत गेल्यावर कळून काय उपयोग?"

वन्सं म्हणजे माझ्या यजमानांच्या थोरल्या बहीण. नाव इंदिरा, पण त्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नाही. आम्ही रत्नागिरीजवळ मिरजोळ्याला राहतो. त्यांचं घर आमच्या घराला लागून आहे, मध्ये चिऱ्यांचा गडगा आणि त्यात जाण्यायेण्यापुरती वाट. मुलगा संदेश चार वर्षांचा होता तेव्हा त्यांचे यजमान गेले. मग त्या जवळच्या काजूच्या कारखान्यात निवडायला लागल्या आणि पंचवीस वर्षं निवडतच राहिल्या. अख्खा काजू एकीकडे, पाकळी एकीकडे, तुकडा एकीकडे, कणी एकीकडे. कारखाना सुटला, निवडणं सुटलं नाही. माणसं, लग्नं, भजनं, डॉक्टर, सगळ्याची त्या प्रत लावतात. आमच्या वाडीतल्या एका पुढाऱ्याचं भाषण ऐकून आल्यावर मी विचारलं, कसं झालं? म्हणाल्या, "पाकळी. दिसायला काजू, पण अर्धाच."

प्रत लावायची तर आधी माहिती पाहिजे, म्हणून चौकशी. "चौकशी करून कोणी मेलं नाही," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. मिरकरवाड्याला मासे घ्यायला गेल्या की होडी किती वाजता लागली, तांडेल कोण होता, बर्फ कधी घातला, सगळं विचारून घेतात. तिथली एक बाई एकदा कोयता खाली ठेवून म्हणाली, "अगो बाय, बांगडे घेतेस की त्यांच्याशी सोयरीक करतेस?" भोवतीच्या सगळ्या हसल्या. वन्सं हसल्या नाहीत. म्हणाल्या, "सोयरीक असती तर एवढ्यावर सोडलं असतं होय?"

ते मात्र खरं. माझ्या लग्नाआधी त्या माझ्या माहेरी एकट्या येऊन गेल्या होत्या. घरी आल्याच नाहीत. विहिरीवर थांबल्या, दळणाच्या गिरणीत थांबल्या आणि मी चौथीपर्यंत ज्या शाळेत होते तिथल्या गुरुजींनाही गाठलं. गुरुजी म्हणाले, मुलगी चांगली आहे, पण बोलत नाही. वन्संनी विचारलं, "बोलत नाही की बोलता येत नाही? नीट सांगा. दोन्हीत फरक आहे." हे मला लग्नानंतर कळलं. संदेशसाठीही गेली सहा वर्षं त्या अशाच मुली बघतायत, म्हणून त्याचं लग्न अजून चौकशीतच आहे.

संदेश परदेशी जहाजावर स्वयंपाकघरात आहे. माल नेणारं जहाज नव्हे, माणसांना फिरवणारं. कांदे चिरण्यापासून सुरुवात केली, आता सूप त्याच्याकडे असतं. नऊ महिने तिकडे, दोन महिने इकडे. त्या दोनातला एक मुंबईत जातो, डॉक्टरी तपासणीत आणि कागद करण्यात. उरलेल्यात तो पहिला आठवडा नुसता झोपतो. वन्सं त्याच्या उशाशी बसून राहतात. मी एकदा म्हटलं, उठवा की. म्हणाल्या, "झोपलेला तरी दिसतोय." गेल्या खेपेला तर तो बारा दिवसच राहिला आणि कंपनीचं बोलावणं आलं.

यंदा त्याने कळवलं की घरच्या दोन माणसांना आठ दिवस जहाजावर येता येतं, कंपनी पास देते. आई ये, आणि मामीला आण. आमचे हे म्हणाले, मला पाण्याची भीती वाटते, तूच जा. मला तर माणसांची भीती वाटते. पण ते कोणी विचारलं नाही.

पासपोर्टसाठी पोलीस चौकशीला आला, तो दिवस मी विसरणार नाही. बिचारा कागद मांडीवर घेऊन बसला होता. नाव विचारलं, तेवढं वन्संनी सांगितलं. मग त्यांनी सुरुवात केली. गाव कुठलं, घरी कोण, इथे भाड्याने की सरकारी खोली, आईला सांधेदुखी कधीपासून. अर्ध्या तासात त्याच्या बहिणीच्या नणंदेपर्यंत पोचल्या. तो चहा पिऊन उठला, फाटकापर्यंत गेला आणि परत आला. म्हणाला, "मावशी, तुमची सही राहिली. आणि तुम्ही इथे किती वर्षं राहता ते मी विचारलंच नाही."

खरी गंमत पुढे झाली. जहाज रोज एका बंदराला लागतं आणि तिथे उतरून कुठली सहल करायची ते आधी निवडून कळवावं लागतं. संदेशने सहलींची यादी फोनवर पाठवली. ह्यांनी ती वाचून वाचून एका वहीत मराठीत उतरवली आणि वन्संच्या हातात दिली. इतका माल एकदम निवडायला त्यांना कारखान्यातही मिळाला नव्हता. रोज दुपारी भांडी झाली की गडग्याच्या वाटेने त्या वही घेऊन यायच्या आणि आमच्या पडवीत बसायच्या.

"ही बघ गो वैनी. लिंबाच्या बागेत नेणार. तिथे काय? तर लिंबं. कणी." पुढे. "होडीने बेटावर नेणार. म्हणजे एवढ्या मोठ्या जहाजातून उतरायचं आणि होडीत बसायचं? तुकडा." पुढे. "इथे पीठ मळायला शिकवणार, मग त्याची पोळी भाजून देणार." त्यांनी चष्मा काढला. "मला. पीठ मळायला."

बाकीची बंदरं चार दिवसांत निकालात निघाली. अडलं ते नेपल्सपाशी.

त्याला कारण होतं. संदेशने फोनवर स्पष्ट सांगितलं होतं की जहाजावर तो आम्हाला भेटू शकणार नाही. त्याचं काम खाली, पाहुण्यांच्या जागेत त्याला बसायची बंदी. बंदराला लागल्यावर माणसं उतरतात तेव्हाच त्यांना थोडी सुटी मिळते, आणि त्या आठ दिवसांत त्याची सुटी एकदाच येत होती, नेपल्सला, दुपारी एक ते चार. तीन तास. "पण आई, त्यासाठी बसून राहू नकोस हां. तिथे जवळच डोंगर फुटून राखेत गाडलं गेलेलं जुनं गाव आहे, पाँपेई. लोक जगभरातून बघायला येतात. सकाळची सहल आहे, साडेबाराला परत आणतात. ती कर, मग मी आहेच. इतक्या लांब येऊन काही न बघता गेलीस तर मला वाईट वाटेल."

वन्सं म्हणाल्या, "बघू. चौकशी करते."

आता रत्नागिरीत जहाजावर काम करून आलेली माणसं ढिगाने आहेत. वन्सं एकेकाला गाठू लागल्या. वरच्या आळीतले एक काका तीस वर्षं समुद्रावर होते. वन्संनी विचारलं, "नेपल्सला गेलात कधी?"

"अकरा वेळा."

"काय आहे तिथे?"

काकांनी बराच विचार केला. "गेटाबाहेर डावीकडे फोनचं कार्ड मिळायचं."

"आणि?"

"आणि काय? गेटाच्या आत जहाज."

दुसऱ्याने सांगितलं, मोजे स्वस्त. तिसऱ्याला एक बाकडं आठवत होतं, सावलीतलं. चौथा म्हणाला, मी गेलो तेव्हा पाऊस होता. पाँपेई कोणी पाहिलं नव्हतं. वन्सं घरी येऊन पडवीत बसल्या. म्हणाल्या, "सगळं जग फिरून आले, आणि जगात काय आहे ते एकालाही ठाऊक नाही." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "आमच्यालाही नसणार."

पाँपेईबद्दल त्यांचं मन होईना. "कोणाची घरंदारं गेली, माणसं गेली, आणि आपण टोपी घालून बघायला जायचं?" पण खरं दुखणं ते नव्हतं. साडेबाराला गाडी परत आणतात म्हणजे कोण आणतं, आणि आणली नाही तर कोणाला विचारायचं, हे वहीत लिहिलेलं नव्हतं.

गेलो एकदाच्या. विमानाचं आणि मुंबईचं मी लिहीत नाही, कारण त्या सगळ्या वेळात मी डोळे मिटून होते. जहाज म्हणजे दहाबारा मजल्यांची इमारत. पहिल्या दिवशी संदेश दोन मिनिटं आमच्या खोलीच्या दारात येऊन गेला, पांढरा कोट आणि उंच टोपी घालून. वन्संनी त्याचा हात हातात घेतला आणि उलटसुलट करून बघितला. बोटावर भाजल्याचा डाग होता. "हे कधी?" "जुनं आहे गो." "जुनं म्हणजे कधी?" तेवढ्यात त्याची वेळ झाली.

मग वन्सं प्रत्येक जेवणाला सूप पिऊ लागल्या. त्यांना ते आवडत नाही. घरी सार केलं तरी त्या भातावर ओतून घेतात. पण इथे वाटी तोंडाला लावायच्या आणि वाढणाऱ्या मुलीला खुणेने विचारायच्या, हे कोणी केलं? ती बिचारी हसायची. तिसऱ्या दिवशी वन्संनी तिला हातवारे करून निरोप दिला, मीठ कमी आहे. तो पोचला की नाही माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी सूप खारट होतं.

नेपल्सच्या आदल्या दिवशी सहलीच्या खिडकीवर गेलो. तिथे गोव्याची एक मुलगी होती, तिला आमचं बोलणं कळत होतं.

"पाँपेईची सकाळची गाडी परत किती वाजता?" वन्संनी विचारलं.

"साडेबारा, आंटी."

"साडेबारा म्हणजे साडेबारा?"

"हो. रस्त्यात गर्दी असली तर थोडं मागेपुढे."

"मागे किती?"

"कधी अर्धा तास. कधी एक."

"आणि कधी दोन?"

मुलगी हसून म्हणाली, "आंटी, काळजी करू नका. आमच्या गाडीला उशीर झाला तर जहाज थांबतं. तुम्हाला सोडून जाणार नाही."

"जहाज थांबेल गो," वन्सं म्हणाल्या, "चार वाजायचे थांबणार आहेत का?"

मुलीला काही कळलं नाही. वन्संनी वही मिटली. संध्याकाळी संदेशने खोलीतल्या फोनवर विचारलं, सहल घेतलीस ना? त्या म्हणाल्या, "घेतली हो. अख्खा माल आहे म्हणतात." फोन ठेवून माझ्याकडे न बघता साडीच्या घड्या करत बसल्या.

सकाळी आठला बाकीचे लोक गाड्यांमध्ये बसून गेले आणि आम्ही दोघी धक्क्यावर उतरलो. कामगार वेगळ्या शिडीने उतरतात याची चौकशी वन्संनी पहारेकऱ्याकडे आधीच केली होती. दोन्ही शिड्या दिसतील अशी जागा त्यांनी शोधली. बसायला सिमेंटचा कट्टा होता. समोर जहाज, पाठीमागे गाव आणि गावापलीकडे तो फुटलेला डोंगर. मी दोनदा वळून बघितला, निळसर, आमच्या सह्याद्रीतल्या एखाद्या डोंगरासारखाच. वन्सं वळल्या नाहीत. त्यांच्या पिशवीत डबा होता. रत्नागिरीहून आणलेली फणसाची साटं आणि चार खोबऱ्याच्या वड्या. पाच तास आधीच येऊन बसलो होतो, पण त्यांच्या तोंडावर उशीर झाल्यासारखं होतं.

बाराला त्यांनी केस सारखे केले. एकला त्या उभ्या राहिल्या. कामगार उतरू लागले, दोघे, चौघे, सगळे कानाला फोन लावून. दीडला एक बुटका, हसरा मुलगा आमच्याकडे आला, कुठल्याशा पूर्वेकडच्या देशातला. त्याने मोडक्या हिंदीत सांगितलं, "संदेश नहीं आ सकता. दो आदमी बीमार. किचन में छुट्टी बंद. बोला है, मम्मी घूम के आयी होगी, इधर देखेगी, तो बताना. सॉरी बोला."

"जेवला का?" वन्संनी विचारलं. त्याला कळलं नाही. त्यांनी त्याच्या हातात एक वडी ठेवली आणि तो खात खात गेला.

मी म्हटलं, आत जाऊ या, ऊन आहे. त्या म्हणाल्या, "चारपर्यंत सुटी होती ना त्याची. बसू या." दोन्ही शिड्यांवरून कोणी उतरलं की त्या मान वर करायच्या.

पाँपेईची सकाळची गाडी दोन वाजता आली. दीड तास उशीर. मला वाटलं वन्सं म्हणतील, बघ, मी सांगितलं नव्हतं? पण त्या उठल्या आणि सरळ गाडीच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. गाडीतून नाशिकची एक बाई उतरली, जेवणाच्या वेळी आमच्या शेजारच्या टेबलावर असायची. वन्संनी तिचा दंड धरला.

"काय काय दाखवलं?"

ती दमली होती. म्हणाली, चांगलं होतं.

"चांगलं ते झालं. नीट सांगा. पहिल्यापासून."

अर्धा तास त्या बाईला त्यांनी उन्हात उभं केलं. आत शिरताना काय लागतं, रस्ता मातीचा की दगडाचा, घरांना छप्पर आहे का, पाणी मिळतं का. ती सांगत होती, वन्सं मान हलवत होत्या आणि मधेच एखादी गोष्ट पुन्हा वदवून घेत होत्या. मला वाटलं, बसून बसून कंटाळल्या, जुनी खोड वर आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याच्या आधी दार वाजलं. संदेश होता. पाच मिनिटांची परवानगी काढून आला होता. डोळे तांबडे, टोपी हातात.

"आई, काल फार वाट बघितलीस का गो?"

"वाट कसली बघते?" वन्सं म्हणाल्या. "आमची गाडीच मुळी दोनला आली. मीच घाबरले होते, तू येऊन थांबलास की काय म्हणून. तुझा तो मित्र भेटला तेव्हा जिवात जीव आला."

"म्हणजे दीडला तो..."

"दीड कसला, दोन वाजून गेले होते. त्याचं घड्याळ बघ."

संदेशचे खांदे खाली आले. त्याने भिंतीला पाठ टेकली. "बरं झालं बाबा. मला वाटलं तू उन्हात बसली असशील. मग, बघितलंस ना गाव?"

"तर! रस्ते दगडाचे, अजून गाड्यांच्या चाकांच्या खोबणी आहेत त्यात. दुकानांचे ओटे आहेत, त्यात गोल भोकं, मडकी बसवायला. आणि पाव भाजायची भट्टी, एवढी थोरली, आपल्या चुन्याच्या भट्टीसारखी. म्हटलं, माझ्या संदेशला दाखवायला पाहिजे होती. पुढच्या वेळी सुटी मिळाली की जा. नुसता फोन घेऊन बाकड्यावर बसू नकोस."

तो हसायला लागला. लहानपणी हसायचा तसा, डोळे बारीक करून. मग हसता हसता थांबला. आपली आई त्याला माहीत होती. त्याने माझ्याकडे बघितलं. "मामी, तू सांग. खरंच गेलात ना?"

वन्सं पलंगावरच्या चादरीची सुरकुती काढू लागल्या.

मी म्हटलं, "चढ होता. वन्सं दोनदा बसल्या वाटेत."

"तरी मी सांगत होतो, पायात बूट घाल!" संदेश म्हणाला. त्याने आईला एकदा जवळ घेतलं, टोपी घातली आणि धावत गेला. वन्सं दारात उभ्या राहून त्या लांबलचक बोळात बघत राहिल्या, तो वळून दिसेनासा झाल्यावरही.

मग मागे न वळता त्यांनी विचारलं, "तिथे चढ आहे, हे तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही," मी म्हटलं.

त्यांनी दार ओढून घेतलं, पदर सारखा केला, आणि आम्ही नाश्त्याला गेलो.